घरी बनवलेल्या गाडीला मागे लाईव्ह ॲक्सलच बरा, पण कोणता ते पाहून

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

आपल्या पेपरच्या पुरवणीत मागे गाडी बनवणाऱ्या पोट्ट्यांवर लेख आला होता. भंगारातलं इंजिन, चौकोनी पाईपची वेल्ड केलेली चेसिस, दोन सीटची उघडी गाडी, फोटो पण झकास होता अन् वाचून लय बरं वाटलं, कारण आपल्या खेड्यापाड्यातल्या पोट्ट्यांच्या हातात किती कला आहे ते मी गॅरेज लाईनमधे असल्यानं रोज पाहून राहिलो. पण त्यात एक वाक्य असं होतं की मागे लाईव्ह ॲक्सल टाकल्यामुळं गाडी बंडीच्या आखावर चालल्यासारखी मागासलेली राहिली, इंडिपेंडंट सस्पेन्शन असतं तर ती खरी स्पोर्ट्स कार झाली असती. हे मला पटलं नाही. नुसतं पटलं नाही एवढंच असतं तर पत्र लिहायला बसलो नसतो, पण तो लेख वाचून आमच्या दारव्हा तालुक्यातलेच दोन पोट्टे माझ्याकडे आले अन् म्हणाले काका आपण पण मागून इंडिपेंडंटच करू, पेपरात आलं आहे, अन् मला वाटते की पेपरात आलं म्हणून खेड्यातली पोरं वेल्डिंग मशीन चालू करत असतील तर त्यांच्यापर्यंत पूर्ण गोष्ट गेली पाहिजे.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. लाईव्ह ॲक्सल म्हणजे मागचं अख्खं हाऊसिंग, मधात डिफरेन्शियलचा गोळा (इंजिनाची ताकद दोन चाकांत वाटणारा), आतून दोन शाफ्ट, अन् दोन्ही चाकं एकाच लोखंडी नळीच्या दोन टोकाला. जीप, बोलेरो, जिप्सी, ओम्नी, ॲम्बेसेडर, पद्मिनी, सगळ्यांच्या मागे हेच. इंडिपेंडंट म्हणजे डिफरेन्शियल चेसिसला पक्कं बोल्ट केलेलं, तिथून सीव्ही जॉइंटचे (कोन बदलला तरी फिरत राहणाऱ्या सांध्याचे) दोन शाफ्ट दोन बाजूला, अन् प्रत्येक चाक आपापल्या आर्मवर वेगळं वर-खाली होते. याला लोक आयआरएस म्हणतात.

कागदावर आयआरएस चांगलं, हे मी मान्यच करतो. एक चाक खड्ड्यात गेलं तर दुसऱ्याला पत्ता लागत नाही. डिफरेन्शियलचं वजन चाकासोबत नाचत नाही, ते बॉडीसोबत स्प्रिंगच्या वर राहते. लाईव्ह ॲक्सलमधे प्रॉपेलर शाफ्टचा (इंजिनाचा जोर मागे नेणाऱ्या लांब दांड्याचा) पीळ हाऊसिंगवर येतो अन् जोरात ॲक्सिलेटर मारला की एका बाजूच्या चाकावरचा भार कमी होऊन ते फिरते, आयआरएसमधे तो पीळ चेसिस खाते. हे सगळं खरं. पण हे सगळं त्या आयआरएसबद्दल आहे जे कारखान्यात, जिगमधे (भाग जागेवर पक्के धरणाऱ्या साच्यात), एकेका मिलिमीटरच्या हिशोबानं बनलं. आपण बोलून राहिलो ते पत्र्याच्या शेडमधे, पावसाळ्यात लाईट गेली की जनरेटर लावून वेल्ड केलेल्या गाडीबद्दल.

किट कारचा धंदा मूळचा इंग्लंडचा. तिथं कंपनी तुम्हाला चेसिस अन् बॉडीचे भाग देते, इंजिन, गिअरबॉक्स, ॲक्सल तुम्ही एखाद्या जुन्या गाडीतून काढायचा अन् घरी जोडायचा. या सगळ्या गाड्यांचा आजोबा म्हणजे लोटस सेव्हन, कॉलिन चॅपमनची, १९५७ ची, अन् तिच्या मागे लाईव्ह ॲक्सलच होता. ज्या माणसानं हलकी गाडी कशी पळवायची ते जगाला शिकवलं त्यानं घरी जोडायच्या गाडीला हाच ॲक्सल दिला, कारण तो स्वस्त होता, दुसऱ्या गाडीतून तयार मिळत होता अन् जोडणाऱ्याला त्यात चूक करायला जागा कमी होती. १९७३ मधे ही गाडी बनवायचे हक्क केटरहॅम नावाच्या कंपनीनं घेतले, ते आजही तीच बनवतात. त्यांचं २०२१ चं सेव्हन १७० नावाचं मॉडेल पाहा, सुझुकीचं ६६० सीसी तीन सिलिंडर टर्बो इंजिन, ८४ हॉर्सपॉवर, वजन फक्त ४४० किलो, अन् मागे सुझुकीच्याच छोट्या गाडीचा लाईव्ह ॲक्सल. म्हणजे आपल्या ओम्नीच्या खानदानातला समजा. आता ही गाडी मागासलेली आहे असं कोणी म्हणून दाखवावं.

मग इंग्लंडात लोक आयआरएसकडे गेले कशाला? बरीच वर्षं तिथल्या घरच्या गाड्या फोर्ड एस्कॉर्ट मार्क टू च्या ॲक्सलवर बनत होत्या. ती एस्कॉर्ट १९८० ला बंद झाली, तिच्या जागी आलेली एस्कॉर्ट पुढच्या चाकांवर चालणारी, म्हणजे मागे ड्राईव्हचा ॲक्सलच नाही. जुन्या एस्कॉर्ट भंगारात कमी होत गेल्या, ॲक्सल मिळेना, मिळाला तर महाग. तोपर्यंत १९८२ च्या फोर्ड सिएरा भंगारात यायला लागल्या, तिच्या मागे आयआरएस होतं, डिफरेन्शियल चेसिसला बोल्ट केलेलं, मग किटवाल्यांनी तो डिफ घेऊन त्याच्याभोवती आपले आर्म बनवले. पुढं माझदाची एमएक्स-५ आली, मागे डबल विशबोन (प्रत्येक चाकाला वर-खाली दोन आर्म), ती भंगारात जायला लागल्यावर तिच्यावरून किट निघाल्या. आयआरएस चांगलं म्हणून तर लोकांनी घेतलंच, पण भंगारवाल्याकडे काय पडलं आहे यानं पण तेवढाच फरक पडला. आपल्याकडे भंगारात काय पडलं आहे? यवतमाळ, अमरावती, नागपूर कुठंही जा, ओम्नी, इको, बोलेरो, जीप, टाटा एस. सगळे लाईव्ह ॲक्सल, अन् त्यांचं क्राऊन-पिनियन, बेअरिंग, ऑइल सील, ब्रेक शू तालुक्याच्या गावाला दुपारपर्यंत मिळते.

आता मुद्द्याची गोष्ट. लाईव्ह ॲक्सलमधे मागच्या दोन चाकांचा टो (वरून पाहिलं तर चाक आत-बाहेर किती वळलं आहे) अन् कॅम्बर (मागून पाहिलं तर चाक किती कललं आहे) कारखान्यातच ठरून आला, हाऊसिंगच्या नळीत तो कायमचा बंद आहे. तुम्ही चेसिसवर ब्रॅकेट थोडं इकडं तिकडं लावलं तर जास्तीत जास्त अख्खा ॲक्सल तिरपा बसते, ते तुम्हाला दोऱ्यानं, कर्ण मोजून, जमिनीवर चुन्याची रेघ मारून दिसते अन् लिंकच्या (ॲक्सलला चेसिसशी धरणाऱ्या दांड्याच्या) थ्रेडवर सरळ करता येते. पण दोन चाकं दोन वेगळ्या दिशेला पाहून राहिली असं होऊच शकत नाही जोपर्यंत हाऊसिंग वाकत नाही. आयआरएसमधे तसं नाही, तिथं प्रत्येक चाक कुठं पाहील ते तुमच्या वेल्डिंगवर आहे. खालच्या आर्मचे दोन पॉइंट एकमेकांपासून ३०० मिलिमीटर दूर असले अन् एक पॉइंट ३ मिलिमीटर चुकला तर चाकाचा कोन अर्ध्या अंशाच्या वर फिरला. ३ मिलिमीटर म्हणजे काहीच नाही, पाईप गरम होऊन ओढला तरी तेवढा सरकते, ज्यानं वेल्डिंग केलं त्याला माहीत आहे. बरं, उभ्या गाडीत ते रॉड एंड (आर्मच्या टोकाचा आट्याचा जॉइंट) फिरवून जुळवून घेता येते असं पोट्टे म्हणतात, ते खरं आहे, पण वर-खाली होताना चाक टो बदलते ते रॉड एंडनं जात नाही. पुढचं चाक असं करते तर स्टेअरिंग हातात असते, मागचं करते तेव्हा गाडी स्वतःच्या मनानं वळते.

माझ्याकडे अशी एक गाडी आली होती, कोणत्या कॉलेजची ते लिहीत नाही, पोट्टे मेहनती होते अन् त्यांचा दोष पण नाही, त्यांना मार्गदर्शन करणाऱ्यानं फक्त चित्र दाखवलं होतं. दिसायला लय सुंदर, मागे डबल विशबोन, पावडर कोटिंग, सगळं. सरळ रस्त्यावर बरी चालायची अन् खड्डा आला की मागून एकदम बाजूला ओढायची, पोट्टे म्हणे टायर खराब आहेत. गाडी जॅकवर घेतली, स्प्रिंग काढली अन् चाक हातानं वर-खाली करून चाकाच्या पुढच्या-मागच्या कडेपासून दोऱ्यापर्यंत मोजलं तर दर थोड्या अंतरावर टो बदलत होता, अन् तो पण डाव्या बाजूला वेगळा, उजव्या बाजूला वेगळा. चेसिसवरचे पॉइंट कापून नव्यानं लावल्याशिवाय त्याला इलाज नव्हता, अन् त्यांची स्पर्धा तोंडावर होती.

आयआरएस म्हटलं की चांगलंच असं इतिहासात पण नाही. फोक्सवॅगन बीटल बरीच वर्षं मागून स्विंग ॲक्सलवर चालली, म्हणजे डिफजवळ जॉइंट अन् तिथून अर्धा ॲक्सल झुलणारा, तो पण इंडिपेंडंटच. अमेरिकेची शेव्हरोले कॉर्व्हेर १९६० ला तसाच स्विंग ॲक्सल घेऊन आली. जोरात वळणावर अशी गाडी मागून उचलल्या जाते, बाहेरचं चाक आत मुडपते अन् पकड एकदम सुटते. १९६५ च्या मॉडेलला कंपनीनं मागची रचना बदलून टाकली, तरी जुन्या मॉडेलवरून तिथं मोठा गदारोळ झाला. एवढ्या मोठ्या कंपनीचे इंजिनिअर, त्यांच्याकडे पैसा, ट्रॅक, सगळं. वाईट आयआरएसपेक्षा साधा लाईव्ह ॲक्सल शंभर पटीनं सुरक्षित आहे.

आपल्या इथले रस्ते पण पाहा. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, त्यामुळं डांबर टाकलं तरी दोन-तीन पावसाळ्यात रस्ता लाटेसारखा होते अन् पांदणीचं तर विचारूच नका, ट्रॅक्टरनं दोन्ही बाजूला चाकोऱ्या पाडलेल्या अन् मधात उंचवटा. अशा जागी लाईव्ह ॲक्सलचा एक तोटा होते, मधातला गोळा त्या उंचवट्यावर घासते, अन् एका बाजूचा खड्डा दुसऱ्या बाजूच्या चाकाला पण हलवते, हे मी लपवत नाही. पण गाडीत माणसं बसली, सामान टाकलं तरी हाऊसिंग अन् जमीन यातलं अंतर तेवढंच राहते, आयआरएसचा डिफ भार पडला की गाडीसोबत खाली येते. अन् सीव्ही जॉइंटचे रबर बूट. वावरात कापसाची पराटी उपटल्यावर जी धसकटं राहतात ती टायर फाडतात तिथं त्या रबराची काय गत, एकदा बूट फाटला अन् आत काळा चिखल गेला की जॉइंट कटकट करायला लागते अन् मग बदलावाच लागते. लाईव्ह ॲक्सलचे शाफ्ट लोखंडी नळीच्या आत झाकलेले असतात.

पण म्हणून कोणताही लाईव्ह ॲक्सल उचलून लावा असं मी म्हणत नाही, अन् इथंच आपले बहुतेक पोट्टे फसतात. जीपचा ॲक्सल मजबूत म्हणून लावतात. अरे पण गाडी किती किलोची आहे? समजा पूर्ण गाडी ५५० किलोची, त्यातला अर्धा भार, २७५ किलो, मागच्या चाकांवर. आता मागचा ॲक्सल, ड्रम, चाकं मिळून ११० किलो झाले तर स्प्रिंगच्या वर फक्त १६५ किलो राहिले. खाली ११० अन् वर १६५. खड्ड्यात हा ११० किलोचा गोळा उडते तेव्हा त्याला दाबून धरायला वरती वजनच नाही, टायर जमिनीवर टिकत नाही अन् शॉकअपचा जीव जाते. तेच हलका ॲक्सल घेतला, चाकासकट ७५ किलोचा, तर वर २०० राहिले, गाडी एकदम वेगळी वागते. भरलेल्या बोलेरोला तो जड ॲक्सल जाणवत नाही कारण वर टनाच्या वर वजन बसलं आहे. जे लोक म्हणतात लाईव्ह ॲक्सलवाली घरची गाडी उडते, आदळते, त्यांनी बहुतेक वेळा जड ॲक्सल हलक्या गाडीखाली पाहिलेला असते. पोट्टेहो, आधी काट्यावर वजन करा, धान्याचा काटा प्रत्येक गावात आहे.

माझ्या मतानं आपल्याकडे दोनच ॲक्सल या कामाचे. एक ओम्नीचा, गाडी ७९६ सीसीची, तिचं उत्पादन २०१९ ला बंद झालं पण भंगारात अजून भरपूर आहे. तो कमानपाट्यावर असते. दुसरा इकोचा, ही गाडी २०१० पासून आहे अन् तिच्या मागे कमानपाटे नाहीत, कॉइल स्प्रिंग अन् लिंक आहेत, म्हणजे लिंकचे ब्रॅकेट हाऊसिंगवर कंपनीनंच लावून दिलेले. मला विचाराल तर इकोचाच घ्या, थोडा महाग पडला तरी. कमानपाटा एकाच वेळी दोन कामं करते, वजन पण उचलते अन् ॲक्सलला जागेवर पण धरते. हलक्या गाडीला तो कडक पडते म्हणून लोक त्यातले पाटे कमी करतात, त्यानं गाडी मऊ होते पण मग ॲक्सलला धरायची ताकद पण कमी होते, क्लच सोडला की पाटा इंग्रजी एससारखा मुरडते अन् चाक टपटप उड्या मारते. कॉइल स्प्रिंग लावून ॲक्सल धरायचं काम वेगळ्या लिंकवर दिलं की ही भानगडच राहत नाही.

लिंक कशा लावायच्या यात खरा जीव आहे, गाडी चांगली की वाईट ते इथं ठरते. दोन्ही बाजूला खाली एक अन् वर एक अशा चार लिंक पुढून मागे, शक्य तेवढ्या लांब, वरची-खालची बऱ्यापैकी समांतर, अन् गाडी माणसासकट उभी असताना जमिनीशी समांतर. तिरप्या असल्या तर गाडी वळणावर झुकली की एका बाजूचा ॲक्सल पुढे अन् दुसऱ्या बाजूचा मागे सरकते, मागची चाकं थोडी वळतात, त्याला ॲक्सल स्टेअर म्हणतात, तो नको आहे. मग पाचवा दांडा आडवा, पॅनहार्ड रॉड, एक टोक हाऊसिंगला अन् दुसरं टोक चेसिसला विरुद्ध बाजूला. हा दांडा लांब पाहिजे. हिशोब सोपा आहे, दांडा ८०० मिलिमीटरचा असला अन् चाक ५० मिलिमीटर वर गेलं तर ॲक्सल बाजूला फक्त दीड मिलिमीटर सरकते, पण दांडा ४०० चा केला तर तेच तीन मिलिमीटरच्या वर जाते. पोट्टे जागा नाही म्हणून आखूड दांडा लावतात अन् तो पण तिरपा, मग गाडी खड्ड्यात मागून डुलते अन् सगळे म्हणतात लाईव्ह ॲक्सल खराब. अन् चेसिसच्या बाजूचं ब्रॅकेट नुसतं लटकवू नका, त्याला तिरपा टेकू द्या, वळणावरचा सगळा बाजूचा जोर तिथं येते.

ज्याला त्याहून चांगलं पाहिजे त्यानं वॉट्स लिंकेज लावावं. जेम्स वॉटनं १७८४ मधे वाफेच्या इंजिनासाठी काढलेली रचना आहे, दोन आडवे दांडे अन् मधात फिरणारी एक छोटी पट्टी, त्यानं ॲक्सल जवळजवळ सरळ रेषेत वर-खाली होते, बाजूला जातच नाही. हे जुनाट वाटत असेल तर आजची स्कॉर्पिओ-एन पाहा, २०२२ ला आली, मागे लाईव्ह ॲक्सल अन् पाच लिंक, त्यात वॉट्स लिंकेज. त्याच कंपनीच्या एक्सयूव्ही ७०० ला मागे इंडिपेंडंट आहे. एकाच कंपनीला दोन्ही बनवता येते, तरी शिडीसारख्या फ्रेमच्या, कच्च्या रस्त्यावर जाणाऱ्या गाडीला त्यांनी लाईव्ह ॲक्सल ठेवला अन् मोनोकॉक (वेगळी फ्रेम नसलेल्या) गाडीला आयआरएस दिलं. काम पाहून निवड केली.

हां, आयआरएस करायचंच असेल तर त्याचा पण एक रस्ता आहे अन् तो मी त्या दोन पोट्ट्यांना सांगितला. स्वतः आर्म डिझाईन करू नका. टाटा नॅनो घ्या. २००९ ला आली अन् पुढं बंद झाली तरी जुन्या गाड्या स्वस्तात पडून आहेत, इंजिन मागे, ६२४ सीसी, मागच्याच चाकांना ड्राईव्ह अन् मागे सेमी ट्रेलिंग आर्मचं इंडिपेंडंट सस्पेन्शन. आपल्या देशात एवढ्या हलक्या गाडीसाठी बनवलेलं तयार आयआरएस दुसरं कुठं मिळणार? पण मग इंजिन पण मागेच ठेवावं लागेल, अन् आर्म जिथं जिथं बॉडीला बसतात ते पॉइंट कापायच्या आधी जाड पट्टीची जिग बनवून त्यावर भोकं मारून घ्या, अन् तीच जिग नवीन चेसिसवर ठेवून वेल्ड करा. म्हणजे कंपनीच्या इंजिनिअरनं केलेला हिशोब जसाच्या तसा आपल्या गाडीत उतरते. यात आपण एक पण पॉइंट सुधारायला गेलो की सगळं बिघडलं.

मधला मार्ग पण आहे, डी डिऑन. फ्रान्सच्या डी डिऑन-बूतोनवाल्यांची १९ व्या शतकाच्या शेवटाची रचना, डिफरेन्शियल चेसिसवर अन् दोन्ही चाकांना जोडणारी एक हलकी नळी, म्हणजे चाकं एकमेकांशी बांधलेली राहतात, टो-कॅम्बर पक्का राहते पण डिफचं वजन खाली राहत नाही. केटरहॅमनं १९८० च्या दशकापासून आपल्या ताकदवान गाड्यांना हेच लावलं. मला ही रचना मनापासून आवडते. पण त्याची नळी अन् दोन्ही टोकाच्या प्लेटा एकदम सरळ, लेथवर तपासलेल्या पाहिजेत, अन् चेसिसला बोल्ट होणारा डिफ आपल्या भंगारात सहज मिळत नाही. चांगला टर्नर ओळखीचा असेल अन् हातात वेळ असेल तर करा.

इंजिनिअरिंगचे पोट्टे मला बाहाचं उदाहरण देतात, इंदूरजवळ पिथमपूरला कॉलेजच्या पोट्ट्यांनी बनवलेल्या गाड्यांची जी बाहा स्पर्धा होते त्यात बहुतेक गाड्यांना मागून इंडिपेंडंट असते. बरोबर आहे, तिथं गाडी दगडधोंड्यावरून उड्या मारते, चाकाला भरपूर वर-खाली व्हावं लागते, अन् ते पोट्टे कॉम्प्युटरवर भूमिती तपासतात, लेझर कटिंगच्या प्लेटा अन् जिग वापरतात, वर्षभर एकच काम करतात. त्यांना आयआरएस शोभते. ज्याच्याकडे हे सगळं आहे त्यानं जरूर करावं, मी त्याला अडवणार नाही, उलट पाहायला येईन. पण एका आर्क वेल्डिंग मशीनवर अन् ग्राइंडरवर ज्याची गाडी बनून राहिली त्याला पेपरानं मागासलेला म्हणू नये, त्यानं त्याच्या हत्यारांना जमेल अन् बसणाऱ्याचा जीव राखेल ते निवडलं आहे.

आता कायद्याचं. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणं कंपनीनं दिलेल्या मूळ रचनेत मनमानी बदल करून गाडी रस्त्यावर चालवता येत नाही, सुप्रीम कोर्टानं पण २०१९ च्या जानेवारीत हेच कडक केलं. अन् नवीन मॉडेल म्हणून मंजुरी घ्यायची तर पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेत प्रोटोटाईपच्या टेस्ट द्याव्या लागतात, ते कंपन्यांसाठी आहे, शेडमधल्या एका गाडीसाठी तो खर्च कोण करणार. इंग्लंडात एकेका गाडीची तपासणी करून, ब्रेक, स्टेअरिंग, सस्पेन्शन, टोकदार कडा सगळं पाहून तिला रस्त्यावर यायची परवानगी देतात, आयव्हीए म्हणतात त्याला. तपासणी कडक असू द्या, हरकत नाही, पण तशी सोय आपल्याकडे पण झाली पाहिजे, अन् परिवहन खात्यापर्यंत हे आपल्या पेपरानं लावून धरावं अशी माझी विनंती आहे. तपासणारा साहेब जॅकखाली डोकं घालून पॅनहार्ड रॉडचं वेल्डिंग पाहील तर पोट्ट्यांना आपोआप शिस्त लागेल.

तोपर्यंत या गाड्या वावरात, मैदानात, स्पर्धेच्या ट्रॅकवरच चालवा, डांबरी रस्त्यावर आणू नका. अन् तिथं पण चालवायच्या आधी एक काम करा जे मला बहुतेक गाड्यांत दिसत नाही: प्रॉपेलर शाफ्टच्या पुढच्या क्रॉसजवळ (सांध्याजवळ), शाफ्टभोवती जाड लोखंडी पट्टीचं कडं चेसिसला बोल्ट करा. या उघड्या गाड्यांत शाफ्ट दोन सीटच्या मधून, माणसाच्या कमरेला लागून जाते. क्रॉस तुटला अन् कडं नसलं तर तो फिरता शाफ्ट पत्रा फाडून आत येते, किंवा खाली जमिनीत रुतून गाडीच उचलते.

आपला,
एक गॅरेजवाला वाचक
ता. दारव्हा, जि. यवतमाळ